टँकर बंद झालेल्या गावातली रांग

“…मग विकायचं काय उरेल, बाबा? आणि विकायलाच काही उरलं नाही, तर विकणारा कुठून येईल?”

एवढं बोलून ऋजुता थांबली. तिला धाप लागली होती.

कासमबाबा गोधडीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पाथरवेढ्याच्या टेकडीवर एक लहानसा दर्गा आहे. त्याची झाडलोट करणारे हे म्हातारे फकीर. त्यांना शेत नाही, घर नाही, भाऊबंद नाहीत. म्हणून गाव त्यांचं ऐकतं.

ऋजुता देशमानेचे आजोबा या गावचे. ती स्वतः सात वर्षं परदेशात शिकून दोन महिन्यांपूर्वी इथे आली होती. तिकडची नोकरी तिने नाकारली होती, परतीचं तिकीट रद्द केलं होतं.

दुपारी चारला ग्रामसभा होती. तिची योजना गावाने घ्यायची की नाही, हे तिथे ठरणार होतं.

सरपंचांनी तिला सरळच सांगितलं होतं, “ताई, तुमचं बोलणं आम्हाला निम्मं कळतं. बाबांनी सभेत येऊन हो म्हटलं, तर हात वर होतील. नाही म्हटलं, तर चहा घ्या आणि सावकाश जा.”

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “हळू सांग. मी म्हातारा आहे.”

“गायरानावर सौर पॅनल बसतील. त्यावर यंत्रं चालतील. दळणाची, विणायची, लोखंडकामाची, औषधांची. पहिली यंत्रं आमच्या गटातली मंडळी देणार आहेत. पण मालकी गावाची. जे लागेल ते ज्याला लागेल त्याने घेऊन जायचं.”

“किती?”

“लागेल तेवढं.”

“कोणी?”

“कोणीही.”

बाबांनी दोरा दाताने तोडला.

“आणि हे एका गावात झालं की?”

“मग दुसऱ्या गावात. मग तालुक्यात.” तिचे डोळे चमकले. “भांडवलशाहीला कोणी मारायची गरज नाही, बाबा. तळं आटलं की मासे आपोआप मरतात ना? टंचाई हे तिचं पाणी आहे. टंचाई आटली की ती मेली.”

“टंचाई आटली…” बाबा हसले. “हे चांगलं बोललीस. या गावात आजवर पाणीच आटलंय. टंचाई आटलेली कोणी पाहिली नाही.”

“थट्टा करू नका, बाबा.”

“थट्टा नाही, बेटी. मला आवडलं.”

दर्ग्याच्या पायरीवर मुंग्यांची ओळ चालली होती. बाबांनी गोधडी उचलून त्यांना वाट दिली.

“तिकडं होतीस तिथं टंचाई होती?”

“नाही. तेच तर!” ती पुढे सरकून बसली. “दुकानं भरलेली. रात्री उरलेला पाव मागच्या अंगणात मोठ्या डब्यांत टाकायचे. चांगला पाव, बाबा. त्याच दिवशीचा. आणि त्या डब्यांना कुलूप लावायचे.”

“कुलूप?”

“भुकेल्या माणसाने उचलून नेऊ नये म्हणून. मी स्वतः पाहिलंय. एक म्हातारा थंडीत त्या डब्याला पाठ टेकून झोपलेला. आत पाव, बाहेर तो, आणि मध्ये कुलूप. त्या दिवशी मी ठरवलं की परत जायचं.”

बाबांनी सुईत नवा दोरा ओवला.

“कुलूप कोणी लावलं?”

“मालकाने.”

“मालक उपाशी होता?”

“नाही.”

“पाव कमी होता?”

“नाही हो.”

“मग तळं तर आटलेलंच होतं.”



“ते वेगळं,” ती म्हणाली. “तिथे यंत्रं मालकाची होती. इथे सगळ्यांची असतील. सगळ्यांना मिळेल.”

“आधी कोणाला?”

“आधी-नंतर असं काही उरणारच नाही. सगळ्यांनाच मिळणार असेल, तर आधी काय आणि नंतर काय?”

“आधी-नंतर उरणार नाही…”

“नाही.”

बाबांनी सुई गोधडीत खोवली. गुडघ्यावर हात देऊन उठले.

“चल.”

“सभेला? अजून वेळ आहे.”

“सभेला नाही. ओट्याकडं.”

दोघं टेकडी उतरली. बारा वाजत आले होते. सावल्या पायांखाली शिरल्या होत्या.

गावात कोणी दिसत नव्हतं. काही घरांना कुलपं होती, बाकीची दारं मात्र उघडी होती.

एका अंगणात नळ सुरू होता. खालची बादली भरून वाहत होती. पाणी अंगणातून गल्लीत, गल्लीतून गटारात जात होतं. ऋजुता आत जाऊन नळ बंद करून आली. “कोणी आहे का?” असं तिने विचारलंही. घरातून उत्तर आलं नाही. खाटेवर अर्धी निवडलेली मेथी पडली होती.

“ऊन फार आहे. झोपले असतील,” ती म्हणाली.

बाबा चालत राहिले.

पुढच्या घरातही नळ सुरू होता.

गावाच्या टोकाला, जुन्या रस्त्याला लागून, दगडी फरसबंदी असलेला लांबट ओटा होता. एका बाजूला भिंत. ओट्यावर हंडे होते. तांब्याचे, पितळेचे, स्टीलचे, प्लॅस्टिकच्या घागरीसुद्धा. एकामागे एक, एका ओळीत, भिंतीपासून थेट रस्त्यापर्यंत. तीसेक तरी असतील.

ऊन त्यांच्यावर चमकत होतं. डोळे दिपत होते.

“हे काय?”

“टँकर इथं लागायचा,” बाबा म्हणाले. “आठवड्यातून एकदा. बायका आदल्या दिवशी हंडा लावून जायच्या. एकदा हंडा लागला की तो माणूस तिथं उभा आहे असं समजायचं. त्याला कोणी हात लावायचा नाही. रांग अडवायची दोरी माझ्या हातात असायची. मी कोणाच्या भावकीतला नव्हतो ना.”

“टँकर अजून येतो?”

“नऊ वर्षं झाली बंद होऊन. धरणाचं पाणी आलं. घरोघर नळ. दिवसरात्र. पाणीपट्टीसुद्धा नाही.”

“मग हे हंडे?”

“हे लागतात.”

“लागतात म्हणजे? कोण लावतं?”

“मी विचारलं होतं. घरोघर फिरलो. प्रत्येक बाई म्हणाली, मला कशाला हवा, माझ्या घरी नळ आहे. पण शेजारणीचा आहे ना तिथं. तिनं उचलला की मी उचलते.”

“आणि शेजारीण?”

“तिची पण शेजारीण आहे.”

ऋजुताला हसू आलं. मग ते राहिलं नाही. ती पहिल्या हंड्याजवळ वाकली. नऊ वर्षं उन्हापावसात राहिलेल्या भांड्याला गंज असतो, कोळ्याची जाळी असते. इथे काही नव्हतं. हंडा घासलेला होता. चिंचेने घासल्यासारखा लखलखीत. आत कोरडा.

सगळेच तसे होते.

“हे हंडे ज्यांचे, त्यांतल्या निम्म्या घरांना कुलूप आहे आता,” बाबा म्हणाले. “कोणी पुण्याला गेलं, कोणी सुरतेला. हंडा इथंच.”

“पण घासतं कोण?”

बाबा सातव्या हंड्याशी जाऊन उभे राहिले. तो तांब्याचा होता, काठाला पोचा पडलेला.

“हा तुळसाबाईचा.”

“कोण तुळसाबाई?”

“होती. तीन वर्षांखाली वारली. मी स्वतः मातीला गेलो होतो.”

“आणि हंडा तसाच ठेवला?”

“तिच्या पुढं कसं जायचं? तिचा नंबर लागला नाही अजून.”

वारा नव्हता. तरी कुठल्यातरी हंड्यातून हूं… असा बारीक आवाज येत होता. कानात शंख धरल्यावर येतो तसा.

ऋजुता ताठ उभी राहिली. तिला राग आला होता. भीती वाटली की तिला राग येत असे.

“ही सवय आहे, बाबा. नुसती जुनी सवय. माणसं वर्षानुवर्षं तहानेने जगली, त्यांच्या अंगात ती राहिली. सवय मोडता येते.”

“येते?”

“मी मोडून दाखवते. काढू मी हे हंडे?”

“काढ.”

“कोणी भांडायला आलं तर?”

“तू म्हणालीस ना, नुसती सवय आहे.”

तिने बाह्या सरसावल्या. पहिला हंडा उचलला, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. धातू तापलेला होता, हात पोळत होते. ओढणी गुंडाळून ती उचलू लागली.

बाबा लिंबाच्या सावलीत उभे राहून बघत होते. मदतीला आले नाहीत, अडवलंही नाही.

सातव्या हंड्याशी ती क्षणभर थबकली.

“माफ करा हं, आजी,” ती पुटपुटली आणि तो उचलला.

तो गार होता.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा दुसरीकडे बघत होते.

तिने तो जवळजवळ पळतच नेऊन ठेवला.

शेवटची घागर हलवली तेव्हा ती घामाने निथळत होती. ओटा मोकळा झाला. पण फरशीवर हंड्यांच्या बुडांनी झिजलेली गोल खळगी राहिली होती. एकामागे एक, भिंतीपासून रस्त्यापर्यंत.

ती चालत भिंतीपाशी गेली. पहिल्या खळग्याशी उभी राहिली. भिंतीत एक लोखंडी कडी होती, पूर्वी तिला टँकरची नळी बांधत. तिच्यावर हात ठेवून ती म्हणाली,

“बघा. संपली रांग. अर्धा तास लागला, बाबा. फक्त अर्धा तास! कोणीतरी एकाने हात लावायचा असतो. आता सभेत हेच सांगा. सांगाल ना?”

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या मागे बघत होते.

ती वळली.

मागे एक बाई उभी होती. पदर डोक्यावर, हात मोकळे.

तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे एक म्हातारा, टोपी हातात धरलेला. त्याच्या मागे आणखी माणसं. एकेक खळग्यावर एकेक. पावलांचा आवाज आला नव्हता. दाराची कडी वाजली नव्हती, कुत्रंही भुंकलं नव्हतं.

 सगळे तिच्याकडे बघत उभे होते.

“काय… काय हवंय तुम्हाला?” ऋजुताने विचारलं.

“तुम्हाला काय हवंय?” पहिली बाई म्हणाली. ती जनकाबाई. सकाळीच ऋजुताने तिच्या ओसरीवर चहा घेतला होता.

“मला काही नको.”

“मग उभ्या कशाला राहिलात उन्हात?”

“मी… मी हंडे काढत होते.”

“ते बघितलं आम्ही. बरं झालं. हंड्यांमुळं पुढचं दिसत नव्हतं.”

मागून म्हाताऱ्याने विचारलं, “जनके, काय वाटायलेत गं?”

“मला काय ठावं, भिवसनदादा. ताईला ठाऊक. त्या पुढं हायेत.”

“ताई लांबून आल्यात,” कोणीतरी म्हणालं. “त्यांना आधी कळतं.”

“अहो, काही वाटत नाहीयेत!” ऋजुताचा आवाज चिरकला. “इथे काहीही नाही. तुमच्या घरात पाणी वाहतंय. जा ना घरी. नळ बंद करा आधी!”

“जातो की,” भिवसन म्हणाला. “तुम्ही निघा, आम्ही निघतो.”

मागे कोणीतरी हसलं. बारीक, थकलेलं हसू. ते रांगेतून मागे मागे गेलं आणि विरलं.

ऋजुताने सातव्या खळग्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. सहाव्यावर माणूस होता, आठव्यावर माणूस होता. मध्ये एकाची जागा सोडलेली होती, आणि आठव्यावरची पोक्त बाई त्या मोकळ्या जागेला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभी होती.



निघायला हवं, असं तिला वाटलं. एक पाऊल बाजूला टाकलं की झालं. मग हे सगळं फुटेल, माणसं घरी जातील, चारला सभा होईल.

तिने पाय उचलायचा म्हटलं.

पण समजा…

समजा, खरंच काही येणार असेल तर? एवढी माणसं उगीच उभी राहतील का? त्यांना काहीतरी कळलं असेल. आणि आपण, ज्या सगळ्यात आधी आलो, ज्यांनी हात पोळून घेतले, ज्यांनी एवढी जागा मोकळी केली…

भिंत तापलेली होती. कडी तापलेली होती. तिच्या हाताने ती सोडली नाही.

ऊन जागच्या जागी थांबल्यासारखं झालं होतं.

जनकाबाई कंटाळली असावी. तिने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. तेवढ्यात तिचा खांदा जरासा पुढे आला. ऋजुताच्या खांद्याच्या बरोबरीने. बोटभर.

ऋजुताचं कोपर बाहेर आलं.

तिने ते काढलं नव्हतं. ते आपोआप आलं आणि जनकाबाईच्या बरगडीला टेकलं.

“मी आधी आले होते,” ऋजुता म्हणाली.



तिने स्वतःचा आवाज ऐकला. तो तिचाच होता. त्यात तिकडच्या सात वर्षांचं काही नव्हतं, पुस्तकांचं काही नव्हतं. टणक, कोरडा आवाज.

“व्हय की, ताई,” जनकाबाई हळूच म्हणाली. तिला राग आला नव्हता. तिने खांदा मागे घेतला. “तुम्हीच आधी. आम्ही कुठं नाही म्हणतो?”

ऋजुताने कोपर जवळ ओढून घेतलं. दुसऱ्या हाताने ते धरून ठेवलं, पुन्हा बाहेर येईल अशी भीती वाटून. 

“बाबा…”

बाबा लिंबाखालून निघाले होते. हळूहळू चालत रांगेच्या कडेने आले. एकेकाच्या तोंडाकडे बघत, जुन्या ओळखीने मान हलवत. सातव्या मोकळ्या जागेशी त्यांनी छातीवर हात ठेवला. मग ते वळले आणि मागे गेले. सगळ्यात शेवटी, रस्त्यावर, ओटा संपतो तिथे जाऊन उभे राहिले.

त्यांच्या पुढच्या बाईने सरकून त्यांना आपली जागा देऊ केली. त्यांनी मानेने नको म्हटलं.

“बाबा, तुम्ही तिथे का उभे राहिलात?”

“माणसं उभी आहेत.”

“सभा आहे चारला. तुम्ही येणार ना?” ती मान वळवून म्हणाली. “मी चुकले. कळलं मला. माझं कोपर… कळलं. पण म्हणून ती गोष्ट खोटी होत नाही! पाव आत आणि माणूस बाहेर, हे खोटं होतं का? एवढं सगळं असताना माणसाने… बाबा, हे बदलायला नको का? तुम्ही सभेत नाही म्हणणार का?”

“मी कशाला नाही म्हणू?”

“मग हो म्हणाल? याल?”

“येतो की.”

“कधी?”

“रांग सरकली की.”

ऋजुताने समोर पाहिलं. हातभर अंतरावर भिंत होती. भिंतीत कडी होती. भिंतीच्या वर आभाळ, पांढरं, एकही पक्षी नसलेलं.

“पण मी पहिली आहे, बाबा! कुठे सरकू? पुढे काहीच नाही!”

मागची सगळी माणसं एकदम श्वास रोखून थांबली.

“त्याचीच तर वाट बघतोय आम्ही सगळे,” बाबा शेवटून म्हणाले. “सरक, बेटी.”